पहिल्या भागाचा इरफानभाई

भाग संपला की इरफानभाई लॅपटॉपचं झाकण खाली पाडायचा आणि आमच्यापुढे फ्लेक्सचे कापून उरलेले तुकडे टाकायचा. तुकड्याच्या पुढच्या बाजूला कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बोर्डावरचा अर्धा कान, नाहीतर सोन्याच्या साखळीचा एक वेढा. मागची बाजू पांढरी. त्या पांढऱ्या बाजूवर मार्करने आपलं मत लिहायचं, आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत खोलीत कुणी तोंड उघडायचं नाही. "आदी लिव्हा, मंग बोला. बोललं की एकाचं मत दुसऱ्याला चिकटतं," असं तो म्हणायचा. इतक्या मोठ्याने म्हणायचा की खालच्या पानवाल्यालाही कळायचं, वर जपानी कार्टून संपलं.

कार्टून हा शब्द मात्र त्याच्यापुढे काढायचा नाही. ॲनिमे म्हणायचं. जपानात वर्षातून चार वेळा, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात, नव्या मालिकांची खेप निघते. आठवड्याला वीस-बावीस मिनिटांचा एक भाग. इरफानभाई प्रत्येक खेपेतल्या जमतील तेवढ्या मालिकांचा पहिला भाग बघायचा आणि त्यावर मराठीत लिहायचा, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ग्रुपचं नाव 'पहिला भाग'. सुरुवातीला त्यात आम्ही तिघंच होतो, तो, मी आणि कोपरगावचा मयूर. मयूर माझा खोलीवरचा जोडीदार. पुढे श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर कुठून कुठून पोरं येत गेली. त्या चार महिन्यांत इरफानभाई दाढी करायचा, खोली झाडायचा, जाड काचेच्या ग्लासात चहा द्यायचा. ईदला तो असायचा तसाच.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मी कुठेही सांगतो. वडील टेम्पो चालवतात, आई अंगठा करते, आणि मी नगरला राहून बीएस्सी केलं. नगरजवळच भिंगारला खोली घेतली तेव्हा पहिल्याच रविवारी मयूर मला शेजारच्या माडीवर घेऊन गेला. तिथे माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा एक माणूस मांडी घालून बसला होता. त्याने मला जागा करून दिली. मालिका जपानी, खाली इंग्रजी ओळी. मिठागरावर राबणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट होती. धाकटीने मुकादमाच्या डब्यात मुठीने मीठ घातलं तिथे आम्ही तिघं एकदमच हसलो, म्हणजे तो अर्धा सेकंद आधी. निघताना मी त्याच्या पाठीमागून म्हणालो, येतो भाई. त्याने मान वळवली नाही. मला वाटलं, माणूस आखडू दिसतो. जिन्यात मयूर म्हणाला, अरे, त्याला ऐकू येत नाही. काहीच येत नाही.

तासभर मी एका बहिऱ्या माणसाला खेटून बसलो होतो आणि मला ते कळलं नव्हतं. मराठी बोलणाऱ्याचे ओठ तो वाचायचा; पुढे मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. म्हणाला, "त्यासाठीच तर मी हे बघतो. ह्या चित्रातल्या मानसांचे ओठ नुसते उघडझाप करत्यात. मला वाचता येत न्हाईत आन् तुमालाबी येत न्हाईत. जपानी तुमच्या बापाला येत न्हाई. सगळे खाली बघत्यात. हितं मी कुनाच्या मागं न्हाई."

तो नेवासा तालुक्यातला, शनिशिंगणापूरच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत असताना मेंदूज्वर झाला. जीव वाचला, कान गेले. त्यामुळे त्याचं बोलणं दहाव्या वर्षी जिथे थांबलं तिथेच राहिलं. माझी भाषा कॉलेजने घासून स्वच्छ केली, मला 'आहे' आणि 'नाही' म्हणायला लावलं. त्याने नंतर कुणाचं ऐकलंच नाही, म्हणून त्याच्या तोंडी वस्तीवरच्या पोराचा 'हाय' आणि 'न्हाई' जसाच्या तसा. लिहिताना मात्र एक काना चुकायचा नाही, कारण तो भिंगारच्या एका फ्लेक्सच्या दुकानात टायपिंग आणि डिझाइन करायचा. खोलीचं दार सदा उघडं. कडी वाजवून उपयोग नव्हता. कुणी हटकलं तर म्हणायचा, "आमी शिंगनापूरकडचे. आमाला दारं लागत न्हाईत."

त्याच्या लिहिण्याबद्दल सांगायला हवं. गोष्ट काय, हे तो दोन ओळींत उरकायचा. बाकी सगळं चित्रावर. वारा कसा काढलाय, भात खाताना पात्राचा गाल हलतो का, म्हातारा उठताना आधी हात कुठे टेकतो. एका गाजलेल्या, तलवारींच्या मालिकेबद्दल त्याने लिहिलं होतं, "या गावात शंभर माणसे राहतात, पण एकाही घराबाहेर चपला नाहीत. चित्रकाराने गाव पाहिलेले नाही. मी दुसरा भाग पाहणार नाही." पोरं तुटून पडली त्याच्यावर. त्याने मत बदललं नाही. लिहिलेलं मत खोडायचं नाही, हा त्याचा नियमच होता.

लिहिण्यात एक ओळ माझी असायची. आवाजाची. गाणं कसं आहे, पार्श्वसंगीत कसं आहे, ते मी त्याला सांगायचं. पहिल्यांदा मी 'मधुर', 'गंभीर' असलं काहीतरी सांगितलं. तो वैतागला. "असलं नको. मी धा वर्षं ऐकलंय. त्यातलं सांग." मग मी शोधायला लागलो. मोटार चालू केल्यावर पाणी यायच्या आधी पाइप घुमतो तसं. एसटी चढावर रडत दुसऱ्या गिअरला जाते तसं. पत्र्यावर कुणी ज्वारी वाळत घातली आणि त्यात बोटं फिरवली तसं. तो डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हां. आलं." त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मला पदवीच्या समारंभातही कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

आणि माझं इंग्रजी. ते मला कॉलेजने शिकवलं नाही, हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. तिघांचंही कच्चंच होतं. अडलेल्या शब्दाला चित्र थांबवायचं, फोनवर अर्थ बघायचा, पुढे जायचं. थांबवायचं बटण इरफानभाईच्या हातात, कारण त्याचं वाचणं आमच्या पुढे असायचं. मुलाखतीत मला साहेबांनी इंग्रजीत प्रश्न विचारला आणि मी अडखळत का होईना उत्तर दिलं, ते त्या माडीवरचं इंग्रजी. त्याला सांगितलं तर म्हणाला, "पदवीधर, आता तुझ्या कंपनीला बी म्हनाव, खाली ओळी लावा."

सुप्याच्या एमआयडीसीत मला गुणवत्ता तपासनिसाची नोकरी लागली. पाळ्या सुरू झाल्या, दिवसभर पायांवर उभं राहणं. मयूरने मोठा टीव्ही घेतला. त्याच सुमारास नव्या मालिका हिंदी आवाजात यायला लागल्या, जपानात निघाल्या की थोड्याच दिवसांत. पोरांना ते फार आवडलं. डोळे खाली लावून बसायला नको, जेवता जेवता बघता येतं. जुलैची खेप सुरू होताना मयूरने ग्रुपवर मतदान टाकलं. रविवारी त्याच्या खोलीवर पहिला भाग, हिंदीत की जपानीत?

मी कंपनीच्या बसमध्ये होतो. पाय दुखत होते. मी 'हिंदी'वर बोट ठेवलं. त्या वेळी मला इरफानभाई आठवला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवला. वाटलं, एवढ्या मतांत माझ्या एका मताने काय होतं, आणि खाली इंग्रजी ओळी तर लावता येतातच. त्या मतदानात कुणी काय दिलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं. जपानीवर एकच नाव होतं.

तरी तो रविवारी आला. दाढी केलेली, शर्टाच्या खिशात फ्लेक्सचे तुकडे. मालिका विनोदी होती. लढाईत मेलेला सेनापती पुढच्या जन्मी किराणा दुकानदार होतो आणि गिऱ्हाइकांना हुकूम सोडतो. खाली इंग्रजी ओळी होत्या, पण त्या मूळ जपानीवरून केलेल्या. हिंदीवाले वेगळंच बोलत होते, मध्ये आपल्याकडचे टोमणे घालत होते. सगळी खोली हसायची आणि खाली त्या जागी हसण्यासारखं काही नसायचं. किंवा तो खालची ओळ वाचून एकटाच हसायचा, आणि बाकीचे गप्प.

पहिल्यांदा पोरं हसली तेव्हा त्याने टीव्हीकडे नीट बघितलं. दुसऱ्यांदा त्याने मयूरकडे बघितलं. तिसऱ्यांदा माझ्याकडे वळला आणि हळू, त्याच्या मानाने हळू, विचारलं, "काय झालं?"

माझ्या तोंडात घास होता. मी हात हलवून म्हणालो, काही नाही, नंतर सांगतो.

भाग संपल्याबरोबर सगळे एकदम बोलायला लागले. कुणाचा आवाज कुणाला शोभला, कुठला टोमणा भारी होता. खिशातले तुकडे त्याने बाहेर काढलेच नाहीत. ताट उचलून मोरीत ठेवलं आणि गेला. संध्याकाळी ग्रुपवर त्याचं मत आलं. "चित्र चांगले आहे. दुकानातल्या पोत्यांवर सकाळचे ऊन खरे वाटते. बाकीचे माझ्यापर्यंत पोचले नाही, म्हणून मत देत नाही." त्याखाली एका नव्या पोराने लिहिलं, "भाई एकदा कान देऊन ऐका, आवाज लय भारी दिलेत." पोराला माहीत नव्हतं. पण आम्हाला माहीत होतं, आणि आमच्यापैकी कुणी काही लिहिलं नाही. मी लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं. तेवढ्यात ग्रुपचा ताबा त्याने माझ्याकडे दिल्याचं दिसलं आणि त्याच्या खाली, इरफानभाई बाहेर पडल्याचं.

पुढच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन माडीवर गेलो. दार उघडंच होतं. तीच मालिका मी जपानीत लावली, खाली ओळी. त्याने काही कुरकुर केली नाही, चहा ठेवला, शेजारी बसला. अर्ध्यावर त्याने बटण दाबून चित्र थांबवलं.

"हे तू बघितलेलं हाय."

मी मान हलवली.

"मंग आता तू माझ्यासाठी बघतो. आदी तू तुझ्यासाठी बघायचा आन् मी माझ्यासाठी." त्याचा आवाज चढला नव्हता, तो नेहमीचाच मोठा होता. "माझ्यासाठी करनारे घरी लई हायेत, पदवीधर. अम्मी हाय, भाऊ हाय. चांगली मानसं हायेत. सगळे हसत्यात आन् मला म्हनत्यात, मंग सांगतो. धा वर्षांचा हुतो तवापासनं ऐकतोय, मंग सांगतो."

मी फोनवर टाइप करून दाखवलं, चुकलं माझं. त्याने वाचलं, फोन परत दिला आणि म्हणाला, "तुझं काय चुकलं? तुला ऐकू येतं." मग त्याने मला माझ्या पाळ्यांबद्दल विचारलं, जेवणाबद्दल विचारलं. सगळं नीट, आपुलकीने. लॅपटॉप तोपर्यंत आपोआप झोपला होता.

भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. आमचं भांडण झालंच नाही. दिवाळीला माझ्या आईचे लाडू त्याच्याकडे गेले, रमजान ईदला त्याचा शिरखुर्म्याचा डबा आला. पण ऑक्टोबरची खेप आली तशी गेली, आणि जानेवारीचीही. मयूरकडून कळलं, भाईने बघणंच सोडलं. सुट्टीच्या दिवशी दिवसभर झोपून असतो. ग्रुपवर आता रोज पन्नास-साठ संदेश पडतात, सगळे आवाजांबद्दल. वारा कसा काढलाय हे कुणी लिहीत नाही. मीही नाही. मी एकदा प्रयत्न केला, चार ओळींच्या पुढे गेलो नाही. माझ्याकडे पदवी आहे, पण तसं बघणं नाही.

मागच्या महिन्यात धाकटी बहीण नर्सिंगला लागली. गावात अभिनंदनाचा बोर्ड लावायचा म्हणून मी त्याच्या दुकानात गेलो. त्याने बहिणीचा फोटो फार निगुतीने साफ केला, कपाळावरची एक बट तशीच ठेवली. मी शेजारच्या स्टुलावर होतो. तेवढ्यात एक टोपीवाले बाबा आत आले आणि त्याच्या पाठीशी बोलायला लागले. तो स्क्रीनमध्ये गुंतलेला. बाबांनी दोनदा हाक मारली, मग माझ्याकडे बघून स्वतःच्या कानाला हात लावला. "ऐकू येत न्हाई व्हय ह्यांना? मंग तुमी सांगा की. नातवाचा फोटो मोठा घ्या म्हनावं, आन् माझा बारीक."

मी इरफानभाईच्या खांद्याला हात लावला. तो वळला.

इतकी वर्षं मी त्याच्याशी साधा बोलायचो, जसा कुणाशीही बोलतो तसा. त्याला कळायचं, आणि नाहीच कळलं तर मी फोनवर लिहायचो. त्या दिवशी दुकानात उभा राहून मी तोंड मोठं उघडलं, एकेक अक्षर वेगळं केलं, दोन्ही हात फाकवले आणि ओरडून म्हणालो, ना-त-वा-चा फो-टो मो-ठा. बाबा समाधानाने मान डोलवत होते. इरफानभाई शांतपणे माझ्या ओठांकडे बघत होता. माझं सगळं म्हणून होईपर्यंत थांबला. मग ज्या अदबीने तो इतर गिऱ्हाइकांकडे बघून मान हलवतो त्याच अदबीने त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, आणि स्क्रीनकडे वळला.