दत्ताने दुकान वाढवलं

दत्ताचा शेवटचा निरोप अजून माझ्या फोनवर आहे. ‘आज दुपारीच दुकान वाढवलं.’ एवढंच. मी इकडे डोंबिवलीत जेवून आडवा झालो होतो, तो उठूनच बसलो. आदल्याच दिवशी तो फोनवर म्हणाला होता, की शेजारचा गाळा मिळाला, आता गवंडी आला की मधली भिंत फोडायची. मी लगेच उत्तर पाठवलं, ‘अभिनंदन! पेढे कधी देतोस?’ संध्याकाळी वहिनींचा फोन आला. मला वाटलं, त्याही पेढ्यांचंच बोलणार. “भाऊजी, हे गेले...” एवढंच त्या बोलल्या. कुठे गेले, असं मी विचारलं. खरंच विचारलं! आता काही आठवडे उलटले, तरी ते आठवलं की मी तो निरोप पुन्हा उघडून बघतो.

दुकान वाढवणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं. दुकान ‘बंद’ करतो असं आमच्या बाजारात कोणी तोंडाने म्हणत नाही. दिवा वाढवावा तसं दुकान वाढवतात. दत्ता तर रोज दिवेलागणीला फळ्या लावताना मोठ्याने म्हणायचा, “चला, दुकान वाढवू.” आणि मी पायरीवर बसून त्याला चिडवायचो, “लहानपणापासून ऐकतोय, वाढवतोस वाढवतोस, आहे तेवढंच आहे की!” त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, “थांब मेल्या, एक दिवस खरंच वाढवीन.” थट्टेत म्हणायचा, पण ती थट्टा नव्हती. त्याला आयुष्यात दुसरं काही मिळवायचंच नव्हतं.

रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्यावर दत्ताचं दुकान आहे, त्या इमारतीला सगळे ‘आगबोट बिल्डिंग’ म्हणतात. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, खाली गाळे. मुंबईची बोट लागायची त्या काळात वरच्या मजल्यावर तिकिटं मिळत आणि खाली माणसांची, ट्रंकांची, आंब्याच्या पेट्यांची नुसती गर्दी. दत्ताच्या वडिलांचं दोर-ताडपत्रीचं दुकान त्या गर्दीवर चालायचं. शेजारच्या गाळ्यात खानावळ होती, तिथल्या सुरमईच्या वासाने आम्हा दोघांचा अभ्यास बुडायचा. मग बोट थांबली. वरच्या मजल्याला कुलूप लागलं, खानावळ उठली, एकेक गाळा रिकामा होत गेला. दत्ता तेवढा राहिला. मी नोकरीसाठी मुंबईची वाट धरली तेव्हा तो म्हणाला, “तू जा. कोणीतरी इथे नको?”

रेल्वेची मोजणी करणारे साहेब आले, ते नेमके याच इमारतीत, वरच्या मजल्याचं कुलूप काढून उतरले. झालं! स्टेशन इथेच होणार, असा दत्ताने सोयीस्कर अर्थ काढला. कोणाला न विचारता त्याने दुकानाची पाटी नवी रंगवून घेतली आणि पत्त्याखाली ठळक लिहवलं, ‘रेल्वे स्टेशनसमोर’. स्टेशन झालं ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, वर सड्याच्या माळावर. दत्ताच्या दुकानासमोर समुद्रच राहिला. रिक्षावाले मुद्दाम थांबून विचारायचे, “काय दत्ताशेट, गाडी कुठच्या प्लॅटफॉर्मवर?” सगळ्यांनी सांगूनही त्याने पाटी बदलली नाही. मला त्याचा कधीकधी राग यायचा. माणसाने किती हट्टी असावं!

पण गंमत बघा, अलीकडे रेल्वे खरोखरच त्याच्या दारात आली. परतीची गाडी संध्याकाळची असलेली मंडळी खोली सोडून समुद्रावर यायची आणि बॅगा कुठे ठेवायच्या म्हणून पाटी बघून दत्तालाच विचारायची. त्याच्या दोरांच्या वेटोळ्यांवर अनोळखी बॅगा बसायला लागल्या. “शेजारचा गाळा मिळाला ना, तर सामान ठेवायला बाकडी टाकीन, पंखा लावीन. बायकामाणसांना बसायला जागा होईल,” तो म्हणायचा. मालक कितीतरी दिवस नाही म्हणत होता. शेवटी हो म्हणाला. दत्ताने त्याच दिवशी मधल्या भिंतीवर खडूने दार आखलं.

आणि दुसऱ्या दिवशी... उन्हातान्हाचं त्याने कधी दुकान वाढवलं नव्हतं. घुसमटल्यासारखं होतंय म्हणाला, रिक्षा बोलावली, स्वतःच्या हाताने फळ्या लावल्या, मला निरोप पाठवला. घरी पोचला आणि पाणी मागितलं, तेवढंच. अजून मला हे पटत नाही. असं कसं होऊ शकतं?

मागच्या आठवड्यात रत्नागिरीला जाऊन आलो. वहिनींनी दुकानातच बोलावलं होतं. मी कसाबसा म्हणालो, “वहिनी, मी पेढे मागितले हो त्याच्याकडे...”

“वाचलं त्यांनी,” त्या म्हणाल्या. “दारात रिक्षातून उतरताना मला दाखवलं नि हसले. म्हणाले, बघ, ह्याला वाटतंय भिंत पाडली. वाटू दे, उद्या पाडायचीच हाय.”

मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी दारातल्या गवंड्याला आत बोलावलं. तो खडूच्या दारासमोर पहार टेकून उभा राहिला आणि अवघडून म्हणाला, “वहिनी, वर्षाच्या आत करायचं काय? लोक बोलतील.”

“बोलू देत. त्यांनी आखून ठेवलंय, मी पुसणार नाय.” मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि माझ्या हातात दिला. समोर भिंतीवर दत्ताची खडूची रेघ होती, नेहमीसारखी एका बाजूला कललेली.

“घ्या भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “वाढवा.”