निरंकाखालची सही

"उभी राहा आणि वाच."

डॉक्टरांनी कागद टेबलावरून सरकवला. आरोग्य केंद्राच्या हॉलमध्ये आम्ही वीस-बावीस आशा सेविका होतो. बाकीच्यांना ते ताई म्हणत. मला तू.

मी वाचलं. "निरंक."

"मोठ्यानं."

"निरंक."

"सही कोणाची?"

"माझी."

"शुक्रवारी तू लिहितेस, वस्तीत एकही रुग्ण नाही. शनिवारी तिथली बाई हगवणीनं मरते. नेमणुका मिळतात तुम्हा लोकांना. काम नको असतं."

मागून कोणीतरी हसलं. मी सिस्टरकडे पाहिलं. आमच्या उपकेंद्राची नर्स. ती रजिस्टरात पाहत होती.

आमचं गाव भातकुली तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. सगळं गाव नळावर. मुख्य पाइप गावातून येतो आणि आमच्या बौद्ध वस्तीत शिरताना नालीतून जातो. दर आठवड्याला मी साथरोगाचा फॉर्म पाठवायचा. कोणाला ताप, कोणाला हगवण, किती घरं. काही नसेल तर निरंक.

आरोग्य केंद्र अकरा किलोमीटरवर. एसटी दिवसातून दोनदा. सिस्टर म्हणाली होती, "कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेव न बाई. तू फोनवर सांग, मी भरतो. काहून दर खेपी हेलपाटा घेतं?"

मी सह्या करून दिल्या. दहा-बारा फॉर्म एकदम. कारण सांगते. त्या दवाखान्यातलं माझ्या घरी पाणी पिणारं माणूस ती एकटीच. बुद्धजयंतीला माझ्या ओसरीवर मांडी घालून बसली होती, खीर दोनदा मागून घेतली होती. एवढं मला पुरलं. पेलाभर पाण्यावर मी माझी सही देऊन टाकली.

त्या बुधवारी वस्तीत पाच घरांत हगवण-उलट्या सुरू झाल्या. मी नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब टाकले. क्लोरीन असतं तर पाणी पिवळं झालं असतं. झालं नाही. नालीतला व्हॉल्व्ह फुटलेला होता. मी सिस्टरला फोन केला. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं.

"सिस्टर, पाच घरं लागली. साथीची पेटी उघडा."

पेटी उपकेंद्रात होती. सलाईन, ओआरएस, गोळ्या, पाणी शुद्ध करायचं औषध. साथ आली तर धावाधाव नको म्हणून आधीच भरून ठेवलेली, कुलूप लावून, वर कागदी सील. किल्ली सिस्टरकडे.

ती म्हणाली, "आता नाई उघडता येत. शुक्रवारी चंदेरी कार्डाची तपासनी हाय."

पाच वर्षं साथ नसलेल्या गावाला चंदेरी कार्ड मिळतं. पेटी उघडली की साथ आली असं कागदावर येतं.

"अन् मानसं?"

"दोन दिवस दम धर न. तुह्या वस्तीतले कुठीबी, कायबी खातेत. त्याची का साथ होते?"

खीर आठवली.

माझ्या पिशवीतली ओआरएसची पाकिटं गुरुवारी दुपारी संपली. मग मीठ-साखरेचं पाणी करून घरोघर दिलं. शुक्रवारी तपासणी झाली. तपासायला आलेल्या साहेबांनी पेटीचं न फुटलेलं सील पाहिलं आणि सिस्टरचं कौतुक केलं. त्याच संध्याकाळी माझा सही केलेला फॉर्म निरंक म्हणून गेला. शनिवारी सुमनमावशी, माझी शेजारीण, अमरावतीला नेताना ऑटोतच गेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शेवटचं बोलली ते पाण्याबद्दल. "लय तहान लागून राहिली वं."

सोमवारी हा हॉल.

डॉक्टरांनी दुसरा कागद पुढे केला. टाइप केलेला खुलासा. रुग्णांची माहिती मी वेळेवर दिली नाही, ही माझी चूक आहे.

"सही कर."

सिस्टर जवळ आली. कानाशी म्हणाली, "करून टाक न बाई. तुलेच सोपं जाईन."

पेन माझ्या हातात होता. माझी सही सगळ्यांना सोपी जात होती. मी पेन ठेवला.

"नाई करत. सायेब, त्या फॉर्मवर सही माझी हाय. अक्षर कोनाचं हाय ते पाहा."

त्यांनी पाहिलं. ते अक्षर ते रोज पाहत होते. त्यांनी फॉर्म उलटा करून ठेवला. त्यांना आधीपासून माहीत होतं, हे मला त्या उलट्या कागदावरून कळलं.

मी माझा जबाब लिहिला. फोनची वेळ, पाच घरांची नावं, ओटीचा निकाल. केंद्रातला बाबू पोच देईना. तीन तास उभी राहिले. शिक्का घेतला.

मला कारणे दाखवा नोटीस आली. सिस्टरला काही आलं नाही.

पंधरा दिवसांनी ती घरी आली. नवे कोरे फॉर्म घेऊन. "झालं गेलं सोड न," म्हणाली. पाणी मागितलं. नालीतला व्हॉल्व्ह तोवर बदलला होता. मी तिच्यासमोर नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. पिवळं झालं. मग पेला भरून दिला. उरलेले माझ्या सहीचे चार फॉर्म परत मागितले आणि तिच्यासमोर फाडले.

आता दर शुक्रवारी आजारी घरांची संख्या मी आधी विहाराच्या फळ्यावर लिहिते. वस्ती वाचते. मग फॉर्म भरते, माझ्या अक्षरात, आणि एसटीनं स्वतः नेऊन देते.

उपकेंद्रात पेटी अजून तशीच आहे. सील न फुटलेलं. पुढच्या वेळी मी किल्ली मागणार नाही. कुलूप फोडीन, आणि फोडलं म्हणून खाली सही करीन.