यंत्राला ‘पण’ कळत नाही

नाटकातल्या नायिकेने रंगमंचावर प्रवेश करावा, तशा कॉम्प्युटरच्या बाई वर्गात शिरायच्या. बाह्या सरसावलेल्या आणि पहिलंच वाक्य खणखणीत: “मी यंत्र आहे. मला खिडकीपर्यंत न्या!”

“चला पुढे!” मुलं ओरडायची. बाई चालत सुटायच्या. भिंतीला नाक टेकलं तरी त्यांचे पाय हलतच राहायचे. पोरं हसून हसून बेजार.

“थांबा म्हणालात का कुणी? मग यंत्र बिचारं काय करील? त्याला ‘जर’ कळतं, ‘तर’ कळतं. ‘पण’ मात्र कळत नाही. तो घरी ठेवून यायचा!”

या तासाला परीक्षा नव्हती. परीक्षा आली की मुलं चुकायला घाबरतात, म्हणून बाईंनीच ती हट्टाने ठेवली नव्हती.

“सगळ्यांना प्रोग्रॅम लिहायला शिकवून काय दिवे लावणार, बाई?” गणिताचे सर टोमणा मारायचे.

“स्वयंपाक सगळ्यांनाच यावा, सर. आचारी कुणी होवो न होवो, निदान पानात काय वाढलंय ते तरी कळतं.”

यंदा पुढच्या आठवड्यापासूनचं नवं वेळापत्रक फळ्यावर लागलं आणि त्यात बाईंचा तास कुठेच नव्हता.

“कॉम्प्युटरनेच काढलंय,” मुख्याध्यापिकांनी हात झटकले. “आमच्या हातात काय आहे?”

साऱ्या शिक्षकांनी माना डोलावल्या. कॉम्प्युटरला हे सांगितलं कुणी, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही. बाईंनी विचारलं. प्रोग्रॅम लिहिणारा त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. वर्गातला वटवट्या, आता शाळेच्याच ऑफिसात नोकरीला. त्याने पडद्यावरची ओळ दाखवली: जर परीक्षा नसेल, तर तास वगळा.

“अरे, ‘एवढा तास सोडून’ अशी एक ओळ घाल की! दोन मिनिटांचं काम.”

“एकाच मिनिटाचं. पण बाई...” त्याने मान वर केली नाही. “वरून सांगून लिहून घेतलंय. मी हात लावला, तर उद्या मलाच वगळतील.”

बाई हसल्या. शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल असं. “गधड्या, ‘पण’ घरी ठेवून यायचा ना?”

“तो यंत्राने, बाई. मला घर चालवायचंय.”

त्या तशाच वर्गात गेल्या. जुन्या वेळापत्रकातला त्यांचा शेवटचा तास. “चला पुढे!” मुलं ओरडली. बाई निघाल्या. भिंत हातभर राहिली, तोच अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, “थांबा!”

पोरं शिकली होती. बाई थांबल्या.