सगळ्यांना बसणारा परिच्छेद

बुद्धप्रियाच्या लॅपटॉपमध्ये 'बालपण' नावाची एक फाइल होती. तीत एकच परिच्छेद होता. एक मुलगा उपाशीपोटी चार मैल चालत शाळेला निघतो, वाटेतल्या विहिरीवर थांबतो, पोहऱ्याने पाणी शेंदतो, पोटभर पिऊन भूक मारतो आणि पुढे चालू लागतो. गेल्या सहा वर्षांत हा मुलगा मोठा होऊन एक निवृत्त मुख्याध्यापक, एक पतसंस्थेचा अध्यक्ष, दोन ठेकेदार आणि एक दातांचा डॉक्टर झाला होता.

मूळ मुलगा मात्र बुधवार पेठेतल्या घरात, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून पेपर वाचत असे. जालिंदर, तिचे वडील, एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. परिच्छेद त्यांचाच होता, फक्त एक बदल करून. त्यांना विहिरीवर कुणी हात लावू देत नसे. कुणीतरी येईपर्यंत थांबायचं आणि त्याने वरून ओंजळीत ओतलं तर प्यायचं. बुद्धप्रियाने पहिल्याच वेळी मुलाच्या हातात पोहरा दिला. त्यानंतर तो परिच्छेद कुणालाही बसत गेला.

कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवणं सोडून तिने लिहिण्यावर जगायचं ठरवलं तेव्हा आई मीनाबाई एवढंच म्हणाली होती, "लिवून कुणाचं घर चाललंय ते दाखव की एकदा." घर चाललं. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्याची वेबसाइट, शाळांचे अहवाल, सत्काराची मानपत्रं, पुण्याच्या एजन्सीसाठी केसगळतीवरचे लेख, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे पंचाहत्तरी गाठलेल्या माणसांच्या जीवनपुस्तिका. काम थांबत नव्हतं, पण तिचं नाव कुठेच नव्हतं. पुस्तिकेवर 'संपादक' म्हणून मुलाचं किंवा जावयाचं नाव यायचं. नवीन गिऱ्हाइकापुढे ती पिशवीतून सात पुस्तिका काढायची आणि म्हणायची, "ह्या मीच लिहिल्या." माणूस आधी मुखपृष्ठ बघायचा, मग तिच्याकडे.

मार्चमध्ये पुण्याच्या एका प्रकाशनाने तिला विचारलं. सहकारी संस्थांचे इतिहास लिहायचे होते, दोन वर्षांचं काम होतं. अट एकच: स्वतःच्या नावाचं एक पुस्तक पाठवा, एप्रिलअखेर. तेव्हापासून तिला एका जागी बसवेना. चहा ठेवायची आणि गॅस बंद करून परत लॅपटॉप उघडायची. हातात एकच पुस्तिका होती, मधल्या मारुतीजवळच्या खानावळीचे मालक सिद्धलिंगप्पा यांची. त्यांचा मुलगा अनिलकुमार याला तिने तीनदा विचारलं होतं, मुखपृष्ठावर माझं नाव घालता का. तिन्ही वेळा तो म्हणाला, "बघू की मॅडम. आधी होऊ तर द्या."

सिद्धलिंगप्पांच्या, म्हणजे अप्पांच्या, पंचाहत्तरीचा सत्कार रविवारी होता. बुधवारी सकाळी प्रूफ गेलं आणि दुपारी फोन आला. अप्पांनी बोलावलंय.

खानावळीतली गर्दी ओसरली होती. सिद्धलिंगप्पा गल्ल्यावर बसले होते, पुढ्यात प्रूफाचे कागद, त्यावर वजन म्हणून शेंगाचटणीची बरणी.

"ताई, हे उपाशी पोरगं कोण?"

"तुम्हीच, अप्पा. लहानपणी."

"मी?" त्यांनी आत हाक मारली, "भुवनेश्वरी, एक ताट आण." सुनेने ताट आणून ठेवलं. कडक भाकरी, आमटी, चटणी. "खा आधी. मग सांग, माझी आई कोण होती."

बुद्धप्रियाच्या आता लक्षात आलं. निंगव्वा. खानावळ तिनेच सुरू केली होती. पुस्तिकेच्या नवव्या पानावर बुद्धप्रियानेच लिहिलं होतं, रोज ऐंशी माणसं जेवायची. आणि पाचव्या पानावर त्याच बाईचा मुलगा पाणी पिऊन भूक मारत होता. तीन बैठकांत अप्पा परवान्याबद्दल, गॅसबद्दल, आचाऱ्यांबद्दल बोलले होते. बालपणाचं विचारायचं राहिलं तेव्हा अनिलकुमार म्हणाला होता, "सुरुवातीची गरिबी तुम्हीच घाला, तुम्हाला म्हाईत असतंय की." तिने फाइल उघडून चिकटवली होती. वाचलीसुद्धा नव्हती.

"साऱ्या बाजाराला जेवू घातलं अव्वानं," अप्पा म्हणाले. "हमाल, गाडीवान, कोर्टात तारखेला आलेले. आणि तिचं पोरगं उपाशी? आणि शाळा तर ही समोर. रस्ता वलांडला की शाळा. चार मैल कुटनं आणले?"

भुवनेश्वरी पदर तोंडाला लावून आत गेली. बुद्धप्रियाने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"चूक माझी आहे, अप्पा. ते तुमचं नाही."

"मग कुणाचं?"

"माझ्या वडलांचं."

सिद्धलिंगप्पांनी बरणी बाजूला केली आणि पान पुन्हा वाचलं, बोट ओळीवरून फिरवत. "विहिरीचं पाणी सोता शेंदायचे?"

"नाही. वरून ओतायचं कुणीतरी."

रस्त्यावरून गॅस टाक्यांची गाडी खडखडत गेली. मग त्यांनी दाराकडे बोट दाखवलं, जिथे आता पायरी आणि मोटरसायकली होत्या.

"तितं ओटा होता. आत पाट, बाहेर ओटा. ओट्यावर कोण बसायचं ते तुला सांगायला नगं. त्यांच्या ताटल्या येगळ्या. त्यांनीच धुवायच्या, कोनाड्यात पालथ्या घालायच्या. वाढायला मी जायचो, शाळंतनं आलो की. अव्वा सांगायची, वरनं टाक, हात लागू देऊ नको."

"कधी बंद केलंत?"

"आमी कशाला बंद करतोय? रस्ता रुंद केला तवा ओटा गेला. मग सगळे आत बसाय लागले." त्यांनी प्रूफाचे कागद तिच्याकडे सरकवले. "माझं बालपण म्हणजे हे. ल्ही."

तिने तिथेच वही काढली. ताटल्या कशाच्या होत्या, कोनाडा कुठल्या अंगाला होता, पावसात काय करत, एकेक विचारत गेली. सहा वर्षांत तिने कुणाला इतके प्रश्न विचारले नव्हते. अप्पा न थांबता सांगत होते. पावसाळ्यात ओट्यावरची माणसं ताट हातात घेऊन समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहत, आणि भाकरी भिजू नये म्हणून आधी तीच संपवत.

गुरुवारी नवं प्रूफ गेलं. तासाभरात अनिलकुमार स्वतः घरी आला, हेल्मेट न काढताच दारात उभा राहिला.

"मॅडम, ओट्याचं काढा. सत्काराचा कार्यक्रम हाय, चौकशी न्हाय."

"मी काढते. अप्पांना तुम्ही सांगा."

"सांगितलं. म्हणतात, उपाशीचं खोटं तुला चाललं, आणि हे खरं चालंना व्हय. काढलं तर रविवारी येत न्हाय म्हणतात." त्याने हेल्मेट काढून खिडकीत ठेवलं. खुर्चीतल्या जालिंदरांकडे बघून मान लववली. मग विचार करून म्हणाला, "असं करा. मुखपृष्ठावर तुमचं नाव घाला. लेखिका म्हणून. ठळक घाला. संपादक नकोच मला. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर..." त्याने हेल्मेट पुन्हा उचललं.

सहा वर्षं जे मागत होती ते असं मिळालं. ती हो म्हणाली. तो गेल्यावर तिने प्रेसला फोन करून नावाचं स्पेलिंग दोनदा सांगितलं, आणि मग खोलीत येरझारा घालत राहिली.

जालिंदरांनी प्रूफ मागून घेतलं. चष्मा लावून पाचवं पान वाचलं, शेवटपर्यंत.

"माजी विहीर काढली व्हय?"

तिला वाटत होतं त्यांना माहीत नसेल. "काढली. तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"मुख्याध्यापकाच्या पुस्तकात वाचली, डॉक्टरच्या वाचली. त्या डॉक्टरच्या बापाचा तर वाडा होता मोहोळात." त्यांनी पान उलटलं. "काढली ते बरं केलं. लई जणांनी पाणी प्यालं तिचं."

मीनाबाई आतून म्हणाली, "आता तुमचं पुस्तक काढायला सांगा तिला."

"मला कशाला? माझ्याकडं हॉल भाड्यानं घ्यायला पोरगा न्हाय."

रविवारी अप्पा आले. भाषणं झाली. ओट्याबद्दल कुणीच बोललं नाही. बहुतेकांनी पुस्तिका न उघडताच पिशवीत टाकली. एक वयस्कर माणूस मात्र मागच्या रांगेत पाचवं पान उघडून बराच वेळ बसला होता, आणि जेवायला न थांबता निघून गेला. तो कोण होता हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. घरी जातानाही तिच्या मनातून तो जाईना.

सोमवारी तिने एक प्रत पुण्याला कुरिअर केली. महिना संपला, उत्तर आलं नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शरणप्पा नावाचे एक कापड दुकानदार पत्ता विचारत आले, हातात तीच पुस्तिका. बोट तिच्या नावावर.

"ह्या तुमीच न्हवं? आमच्या अण्णांचं करायचंय. पण ते ओट्याबिट्याचं नको. गरिबीचं मात्र घाला थोडं, लोकांना आवडतं."

बुद्धप्रियाने पिशवीतल्या सात पुस्तिका बाहेर काढल्या नाहीत. "अण्णा दुपारी घरी असतात का?" तिने विचारलं. "आधी त्यांना भेटते. गरीब होते का ते त्यांनाच विचारू."