दुकानाची सही कोणाकडे

डॉक्टरांनी बायपास सांगितली तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं, चोकअप आहे तर आधी आहे ती लाइन साफ करून बघता येणार नाही का, एकदम नवीन कशाला टाकता? डॉक्टर हसले. मी हसले नाही, कारण हे गंमत करत नव्हते. उभा जन्म प्लंबिंगमध्ये गेलेला माणूस, तो दुसरं काय विचारणार?

साकीनाक्याला आमचं दुकान आहे. पुढे नळ, पाईप, फिटिंग. मागे पोटमाळा, आणि पोटमाळ्यावर मी. विक्रोळी-मुलुंडकडच्या सोसायट्यांची कामं वर्षाच्या करारावर घेतो. पाईपातलं सगळं हे आणि माझा दीर बघतात. पाईपाबाहेरचं मी. फोन, बिलं, जीएसटी, सेक्रेटरी लोकांची भांडणं. सही मात्र ह्यांची एकट्याची. मी कागद तयार करून पुढे ठेवायचा, ह्यांनी न वाचता सही करायची आणि चहा मागायचा, असा आमचा कारभार.

आता ऑपरेशन, त्यानंतर काही महिने सक्तीचा आराम. तोवर सही कोण करणार? म्हणून कुलमुखत्यारपत्र करायचं ठरलं. हे एकटेच वकीलबाईंना भेटून आले आणि सगळं सांगून ठेवलंय म्हणाले. मी काही विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काय होतं? उलट इतका भारदस्त शब्द आपल्या वाट्याला येणार म्हणून मी चांगली साडी नेसून गेले. काय तो उत्साह माझा.

वकीलबाईंचं ऑफिस घाटकोपरला, एका झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर. जिना चढताना हे दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा भिंतीवरचा ड्रेनेजचा पाईप बघायला थांबल्यासारखं दाखवलं. मीही पाईप बघितला. भीती वाटत होती मला. साधी, सरळ भीती. पण ती बोलून दाखवायची आमच्यात पद्धत नाही.

आत बसलो. वकीलबाई म्हणाल्या, दीर आले की सह्या घेऊ, तोवर कच्चा मसुदा वाचते. मला वाटलं, दीर साक्षीदार असेल. त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी खाली सही करणार अमुक अमुक, माझ्या आजारपणामुळे मला व्यवसायाकडे लक्ष देणं शक्य नसल्याने, माझ्या वतीने चेकवर सही करणं, करार करणं, करार मोडणं, माणसं ठेवणं, काढणं, हे सर्व अधिकार मी माझ्या धाकट्या भावास देत आहे.

धाकट्या भावास.

तळपायाची आग मस्तकात गेली. दीर माणूस सोन्यासारखा आहे, त्याच्याबद्दल शब्द नाही. पण त्याला चेकबुक कुठल्या कपाटात असतं ते ठाऊक नाही. सोसायटीचं पत्र आलं की तो ते माझ्याकडे देतो आणि विचारतो, वहिनी, हे आपल्या बाजूने आहे की विरुद्ध? मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. बरं, मनात म्हटलं. घरी चला, मग बघते.

दिराची वाट बघत आम्ही चहा प्यायलो. मग ह्यांचा फोन वाजला. दीरच होता. निघाला होता बिचारा, इस्त्रीचा शर्ट घालून, पण वाटेत विक्रोळीच्या एका बिल्डिंगमधून फोन आला. टाकीतून खाली येणारी लाइन फुटलेली, पाणी लिफ्टच्या खड्ड्यात. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. हा रिक्षा वळवून तिकडे गेला. दादा, येतोच, म्हणत होता. आमच्या घरात येतोच म्हणजे संध्याकाळी.

दुसऱ्या कोणाचा मोठा भाऊ असता तर संतापला असता. अरे, मी तुझ्या हातात धंदा द्यायला बसलोय आणि तू लिफ्टच्या खड्ड्यात? ह्यांनी विचारलं, कुठला व्हॉल्व्ह बंद केलास? मग उभे राहिले. मग येरझाऱ्या घालत गच्चीवरच्या व्हॉल्व्हचा पत्ता सांगायला लागले. तो नाही रे, त्याच्या मागचा, डावीकडून ये, फार पिळू नकोस, जुना आहे. कपाळावर घाम. एक हात छातीवर, तोही आपण तिथे ठेवलाय हे त्यांना कळत नव्हतं. फोन ठेवून वकीलबाईंना म्हणाले, मी जरा विक्रोळीला जाऊन येतो, याला एकट्याला नाही जमणार.

मी उठले आणि दारात उभी राहिले. चांगली धिप्पाड आहे मी, दार पुरतं भरतं.

वकीलबाईंनी त्यांना बसायला सांगितलं. पाणी दिलं. बसले खरे, पण नजर जिन्याकडे. हे दोघं भाऊ सारखेच. वाहतं पाणी कानावर पडलं की पुढचं काही दिसत नाही यांना. मला बघायला आले तेव्हासुद्धा आधी आमच्या मोरीतला गळका नळ बघितला होता, मग मला. उद्या दिराच्या हातात सही गेली तर हा माणूस टाके ओले असताना गच्चीवर चढणार, आणि दीर त्याला शिडी धरून देणार. दादा म्हणाला म्हणजे झालं.

आता घरी जाईपर्यंत थांबायला कोणाला वेळ होता? वकीलबाईंसमोरच विचारलं, "मला का नाही?"

ह्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "तू दुकान बंद करशील."

खोटं बोलता आलं असतं. नाही हो, कशी करीन, तुमच्या घामाचं दुकान. वकीलबाईंनाही ते ऐकायला बरं वाटलं असतं. पण हे मला ओळखतात.

"हो," मी म्हटलं. "तुम्ही ऑपरेशनहून घरी आलात तर बंद करीन. नाही आलात तर चालवीन."

खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं. वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला.

"एक सांगून ठेवते," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "हे हयात आहेत तोवरच हा कागद चालतो. बरं-वाईट झालं तर त्याच क्षणी रद्द. म्हणजे तुम्ही दुसरं म्हणालात ना, चालवीन, त्याला याचा काही उपयोग नाही."

"म्हणजे हिचं नाव घातलं तर फक्त मी जगलो तरच लागू," हे म्हणाले. "आणि तेव्हा ही दुकान बंद करणार."

"साधारण तसंच," वकीलबाई म्हणाल्या.

ह्यांनी मसुदा हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना सहीआधी एखादा कागद वाचताना बघितलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, ओठ हलवत. फोन पुन्हा वाजला, दिराचाच. ह्यांनी तो उचलला नाही. वाजून वाजून थांबला.

"हिचं घाला," ते म्हणाले.

मग माझ्याकडे न बघता, गावी बोलतात तसं, हळूच म्हणाले, "मी घरी येतलंय गो."

वकीलबाईंनी माझं आधार कार्ड मागितलं. मी ते शोधायला पर्समध्ये डोकं घातलं आणि रडले. मग झेरॉक्स काढायला खाली गेले.