चंद्रभानच्या भाकरीची पाळी

“मी जायची न्हाई. त्याच्या शेळीनं माझी मेथी खाल्ली, आन् वर मलाच म्हनला, कुंपन घालायचं व्हतं.”

“दोन वर्सं झाली त्याला. ती शेळी बी मेली,” कडूबाईचा नवरा लिंबाजी म्हणाला.

“मेथी बी मेली.”

तेव्हापासून कडूबाई चंद्रभानशी बोलत नव्हती. आता तो तालुक्याच्या हवालातीत होता. वस्तीतल्या आठ घरांनी येशूचं नाव घेतलं होतं, आणि देवीच्या जत्रेत हलगी वाजवायला चंद्रभानने नकार दिला, म्हणून देशमुखाने त्याला आत टाकवलं. पुन्हा वाजवीन अशा कागदावर अंगठा दिला की सुटका. आत भाकर मिळायची नाही, ती बाहेरून न्यावी लागे. बायको तानुबाई बाळंतीण, म्हणून त्या घरांनी पाळी लावली होती. उद्या कडूबाईची.

तिची प्रार्थना मात्र एकही दिवस चुकली नव्हती. “प्रभू, चंद्रभानाचं मन घट्ट ठेव. तसं ते पयल्यापासून घट्टच हाय, तुला ठावं हाय.” तिचं आमेन येईपर्यंत कालवण निवून जायचं.

“तुमीच जा,” ती नवऱ्याला म्हणाली.

“देशमुखाच्या खळ्यावर कामाला हाय मी. न्हाई दिसलो तर इचारतील. काम जाईल.”

शेजारची दगडाबाई विस्तव न्यायला आलेली, ती उंबऱ्यातच टेकली होती. कालची पाळी तिची.

“त्यो बी आत परार्थना करायलाय,” ती म्हणाली. “सगळ्या घरांची नावं घेतो. तुमच्या घरापाशी आला की थांबतो, खाकरतो, आन् म्हनतो, ‘आन् ते बी.’”

“ते बी?” कडूबाई वळली. “नाव न्हाई घेत?”

“न्हाई. शिपाई हसायलाय त्याला. म्हनला, एक दिस भाकर चुकू द्या, आपसूक अंगठा देतो का न्हाई बघा.”

“मंग चंद्रभान काय म्हनला?”

“खाली बघून भाकर खात राह्यला. लय वाळलाय.”

कडूबाई उठली. तिने ज्वारीचं पीठ काठवटीत ओतलं, रोजच्या दुप्पट.

“उद्या मी जानार हाय,” ती म्हणाली. “खळ्यावर कोनी इचारलं तर सांगा, बायको तालुक्याला गेली. कशाला गेली ते बी सांगा. उद्या सांजच्या भाकऱ्या तुमी थापा.”