सात दिवसांचं घर

सन १९८७. माझं वय चोपन्न. त्या वर्षी मी चारी बाजूंनी पाणी असलेल्या एका बेटावर घसा कोरडा पडून बसलो होतो, आणि त्यात पाण्याचा काहीच दोष नव्हता.

दोष माझाही नव्हता, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. आता सांगत नाही.

मी आसगावचा. धानाची शेती. शाळा चौथीपर्यंत. चौथीत मास्तरांचं आणि माझं एका गणितावरून पटलं नाही. मास्तर तिथंच राहिले, मी निघून आलो. (गणित त्यांचंच चुकलं होतं.) माझा स्वभाव एवढ्यावरून समजून घ्यावा.

आमच्याकडे एक रीत होती. लेक दिली की तिला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. माझ्या बापानं पाळली, आज्यानं पाळली. आजा तर माझ्या आत्याला भेटायला जाई तेव्हा तिच्या गावच्या विहिरीकडे बघतसुद्धा नसे. माझी एकुलती लेक कुंदा नागपूरला दिली होती. जवाई विलासराव औषधाच्या कंपनीत नोकरीला. माणूस सोन्यासारखा. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण घरात पाळणा हलला नव्हता. तेव्हा सहा वर्षं मी नागपूरला जाई, त्यांच्या खुर्चीत बसे, खुशाली विचारी, आणि तहान लागली की उठून चौकातल्या हापशीवर जाऊन ओंजळीनं पाणी पिऊन येई. कुंदा खिडकीतून बघत राही. मला वाटे, लेक बापाकडे अभिमानानं बघून राहिली!

त्या साली धानाचं चुरणं आटोपलं, धान घरात आलं, आणि कुंदा गावी आली.

"बाबा, आमच्यासंगं चाला. गोव्याकडे एक बेट हाये. तिथं सात दिवस राहाचं. तुमी, माय, आमी दोघं."

"कोनाच्या घरी?"

"कोनाच्याच नाही जी. हॉटेलच समजा."

"समजा म्हंजे? हॉटेल हाये का घर हाये?"

"हॉटेल, बाबा, हॉटेल!"

तिची माय चुलीपाशी होती. तिनं तोंड तिकडे फिरवलं. मला वाटलं, धूर लागला.

हॉटेलात खायला कोणती रीत आडवी येते? मी हो म्हटलं. चिन्नोरचे तांदूळ आणि लाखोरीची डाळ एका पोतडीत बांधली, कारण लेक-जवायासोबत निघताना रिकाम्या हातानं निघू नये. दोन दिवस गाडी, मग बस, मग लाँच. गाडी सरकारची, पाणी स्टेशनचं, भाकरी कुंदाच्या मायच्या हातची. सगळं रीतीत बसत होतं.

बेट बघण्यासारखं होतं. नारळाची झाडं, लाल कौलांच्या बैठ्या खोल्या, प्रत्येक खोलीला ओटा, आत गॅसच्या शेगडीसकट इवलंसं स्वयंपाकघर. एका पोऱ्यानं थंड पाण्याचा पेला आणून हाती दिला. मी तो ओठाला लावणार, तेवढ्यात विलासराव दोन्ही हात पसरून म्हणाले,

"या मामाजी, या! हे हॉटेल नाही बरं का. आपलंच घर आहे! कागद केला मी. वीस वर्षं, दर साली हे सात दिवस ही खोली आमच्या मालकीची. बाकीचे दिवस दुसऱ्यांच्या. पण सात दिवस मालक आपण!"

कुंदानं डोळे मिटून घेतले. मी पेला ओट्यावर ठेवला.

"मालक म्हन्ता, जवाईबापू?"

"हो तर!" (बिचारा अजून आनंदातच होता.)

"कागदावर नाव कोनाचं?"

"दोघांचंही. कुंदाचं पहिलं."

"मंग हे माह्या लेकीचं घर झालं."

आता त्यांना उमगलं. चेहरा असा पडला, जसं काही खोलीचं छत पडलं! "नाही नाही मामाजी! मी आपलं बोललो! हॉटेलच आहे हे! बघा, टॉवेलवरसुद्धा हॉटेलचं नाव आहे!"

"टावेल हॉटेलचा असंन. कागद तुमचा हाये."

कुंदा म्हणाली, "बाबा, सात दिवसांचं कुठं घर असते का?"

"ज्या सात दिवसांत हाये, त्याच सात दिवसांत आनलं ना मले? दुसऱ्या दिवसांत आनलं असतं तं ताट पुसून खाल्लं असतं!"

कुंदा नवऱ्याकडे बघत होती. ती नजर माझ्या वाट्याला आली असती तर मी पोहत नागपूरला गेलो असतो.

निजायला रीत आडवी येत नाही, ती फक्त अन्नपाण्याची आहे. म्हणून मी ओट्यावर वळकटी टाकली. आणि पोतडी? पोतडी अजून माझ्या खांद्यावरच होती, म्हणजे दिली नव्हती, म्हणजे माझीच होती. ती उशाशी घेतली. आत डोकावलो तर कुंदाची माय पाटावर बसून वरणभात जेवत होती!

"तू?" मी म्हटलं.

"मी काय?"

"रीत?"

"रीत बापाची हाये. त्यात मायचं नाव नाही. तुमच्या मायले इचारून घेतलं होतं मी, लेकीच्या लग्नाच्या दिवशीच." आणि लेकीला म्हणाली, "वाढ वं आनखी."

दुपार कलेपर्यंत जिभेला काटे आले. समोर एवढा समुद्र. समुद्र कोणाच्या लेकीचा नाही. मी गेलो, एक ओंजळ घेतली आणि प्यालो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मला तारलं पास्कूनं. पास्कू म्हणजे तिथला म्हातारा माळी. खोल्यांच्या मागं एक बांध, बांधापलीकडे त्याचं स्वतःचं घर, विहीर आणि धानाची बांधी, म्हणजे खाचर! धान दिसलं तसा मी सरळ चालत गेलो. तो कोकणी बोले, मी आमची झाडीबोली, पण लोंबी चोळून दाखवली की दोन धानवाल्यांना भाषा लागत नाही. त्यानं पाणी दिलं. त्याच्या बाईनं उकड्या तांदळाची पेज दिली. फुकट खाणं माझ्या रक्तात नाही. मी त्याचा पेंढा रचून दिला, बांध चोपून दिला, तो कुठं चुकतो तेही सांगितलं. असे पाच दिवस मी रोज दोन वेळा बांध ओलांडून जेवून आलो. लोक समुद्र बघायला येतात. मी तिथं दुसऱ्याची शेती करून राहिलो होतो! समुद्र जाता-येता दिसे. कधी पाणी जवळ असे, कधी दूर. मला वाटे, मीच वेगळ्या वाटेनं आलो.

सहाव्या दिवशी सकाळी कुंदा बांध ओलांडून आली. मी पास्कूच्या अंगणात पेज पीत होतो.

"गोड लागते का, बाबा?"

"पेज हाये. बरी हाये."

"परक्याच्या घरची गोड लागते तुमाले." एवढंच बोलली आणि आल्या वाटेनं निघून गेली.

मी पेजेची वाटी खाली ठेवली. पण माझं डोकं असं की, चुकलं हे मान्य करण्याऐवजी ते नवी तोड काढते. मी ठरवलं: आता परक्याचंही नको, लेकीचंही नको. स्वतः रांधायचं. आणि लेकीला दिसेल असं तिच्या खोलीसमोर रांधायचं, म्हणजे तिचा राग जाईल. (तेव्हा मला हे शहाणपणाचं वाटलं होतं.)

पण चूल कुठं मांडायची? आवारात मांडली तर जागा जवायाची. मी मॅनेजरला विचारलं, "थे ओली रेती कोनाची?"

"सरकार की," तो म्हणाला. "लेकिन दादाजी, शाम को पानी चढ़ता है उधर."

"मले पानी शिकवता? आमच्या गावात तलाव हाये. चोपन्न वर्षं त्याच्या काठानं काढली!"

आणि खरंच, आमच्या तलावाचं पाणी पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात उतरते. मध्ये माणसाला चार महिने विचार करायला मिळतात. एकाच दिवसात दोनदा चढणारं-उतरणारं पाणी आमच्या पंचक्रोशीत कोणी बघितलं नव्हतं!

पास्कूच्या बाईचा मोठा गंज मागून आणला, म्हणजे पातेलं. सरकारी रेतीत तीन दगड मांडले. वारा समुद्राकडून होता, तो अडवायला मी समुद्राकडे पाठ करून बसलो. हे महत्त्वाचं आहे. चिन्नोर शिजायला लागला तसा वास सगळ्या बेटावर पसरला. गोरी माणसं, मुंबईची माणसं, पोरंसोरं गोळा झाली. एकानं फोटो काढला. कुंदा ओट्यावर येऊन उभी राहिली. मी छाती काढून जाळ सारला.

टाचेला काही थंड लागलं. मी थोडा पुढं सरकलो. पुन्हा लागलं. मग चूल एकदम 'स्स्स' करून विझली.

मी गंज उचलायला गेलो. गरम! हात सुटला. तेवढ्यात लाट आली आणि तिनं गंज अलगद उचलून घेतला, जसा मामा नवरदेवाला उचलतो. झाकणासकट गंज समुद्राकडे निघाला. मी मागं धावलो. गुडघाभर, मग कमरेभर. काठावरून विलासराव ओरडले, "मामाजी, सोडा!" मी ओरडलो, "लोकाचा गंज हाये!" ते पँटसकट पाण्यात घुसले. दुसऱ्या लाटेनं आम्हा दोघांना एकत्र झोपवलं. तिसरीनं माझं धोतर सोडलं आणि गंजाच्या मागं नेलं! जवाईबापूंनी अंगातला सदरा काढून माझ्या कमरेला गुंडाळला आणि मला काठावर ओढलं. सगळं बेट बघत होतं. त्या माणसानं पुन्हा फोटो काढला.

गंज त्याच रात्री लाँचवाल्याला सापडला. भात माशांनी खाल्ला. धोतराचा पत्ता लागला नाही.

दिवस मावळताना मी चादर गुंडाळून ओट्यावर बसलो होतो. कुंदा पंचा घेऊन आली आणि माझं डोकं पुसायला लागली. मला वाटलं, हसेल. ती हसलीही. मग हात थांबला.

"बाबा, एक सांगाचं होतं. मले मूल होनार नाही. पावसाळ्यात डाक्तरनं सांगतलं. दुसऱ्या मोठ्या डाक्तरनंही थेच सांगतलं. मायले माहीत हाये. तुमाले सांगाची हिंमत नाही झाली."

तिनं पंचा पुन्हा माझ्या डोक्यावर फिरवला.

"म्हून यायनं हा कागद केला. म्हटलं, घर नाही अशा घरी तरी बाबा जेवतीन. एकदा तरी." तिनं पंचा पिळला. "तुमी चौकात पानी प्याले जाता ना, बाबा, थे साऱ्या गल्लीले समजते. शेजारीन रोज इचारते, अजून काही नाही का वं?"

ती आत गेली. मी बसून राहिलो. सहा वर्षं मला वाटत होतं, मी रीत पाळतो आहे. मी तर लेकीच्या दारापुढं दवंडी पिटत होतो, की बघा हो, या घरात अजून पाळणा नाही! आणि तीही तिच्या खिडकीसमोर उभा राहून, ओंजळ तोंडाला लावून.

कुंदाची माय बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. हळूच म्हणाली, "अवो, उद्या सकाळी दहा वाजता चाबी देऊन द्याची हाये. दहानंतर ही खोली दुसऱ्याची. सव्वादहाले इथंच ओट्यावर बसून दोन घास खाऊन घ्या. रीतही राहते अन् पोरीचं मनही राहते."

तोड पक्की होती. माझ्यापेक्षा तिचं डोकं नेहमीच बरं चाललं. मी म्हटलं, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पास्कूच्या विहिरीवर आंघोळ केली, त्याच्या बाईला गंज परत दिला, आणि सात वाजता कुंदाच्या स्वयंपाकघरात पाट ओढून बसलो. पोतडी तिच्या हाती दिली.

"रांध. अन् अगोदर पानी दे."

कुंदा पोतडी धरून उभीच. "बाबा, दहा वाजू द्या ना. माय म्हने, दहानंतर चालते तुमाले."

"दहानंतर थे हॉटेल हाये. हॉटेलात जेवाले मी आसगावाहून इतक्या दूर कायले येईन?"

तिनं पेला भरला. घाईनं पुढं केला, अर्धं पाणी माझ्या मांडीवर. बाकीचं मी प्यालो. मग तिनं भात टाकला, लाखोरीचं वरण केलं, आणि मी जेवायला बसलो. कुंदाची माय दाराशी बसून बघत होती. विलासराव सामान बांधायचं सोडून वाढायला आले, मी म्हटलं, "तुमी बसा, घर पह्यलं तिच्या नावावर हाये." तिनं वाढलं, मी खाल्लं. पुन्हा वाढलं. सहा वर्षांची पोकळी होती, ती काही एका ताटानं भरत नव्हती.

मॅनेजर चाबी घ्यायला आला. त्याच्या मागं नवं कुटुंब पेट्या घेऊन उभं. त्यानं घड्याळ दाखवलं. दहाला पाच कमी. मी ताट पुढं केलं.

"कुंदे, अजून पाच मिनिटं तुहं घर हाये. वाढ!"

तिनं वाढलं. ते संपवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला उठताच येत नाही. शेवटी एका बाजूनं जवाईबापूंनी आणि दुसऱ्या बाजूनं मॅनेजरनं काखेत हात घालून मला उचललं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं. लेकीच्या घरून बापाला असं धरून बाहेर काढण्याची आमच्या घराण्यात ती पहिलीच वेळ!